तीन स्थानांवर समयुग्मजींचे आधिक्य: दोष चिन्हकांचा की नमुन्यांचा?

प्रश्न: एकाच जातीच्या बेडकांच्या चार तळ्यांतील समष्टींची तुलना करण्यासाठी मी मायक्रोसॅटेलाइट चिन्हक (डीएनएतील पुन:पुन्हा येणाऱ्या लहान तुकड्यांच्या लांबीवरून प्राण्यांमधील फरक दाखवणाऱ्या खुणा) विकसित करीत आहे. जवळच्या जातीसाठी तयार झालेले प्रायमर (डीएनएच्या ठरावीक भागाला चिकटून त्याच्या प्रती काढण्यास सुरुवात करून देणारे लहान तुकडे) आधी वापरून पाहिले. बहुतेकांनी पट्टाच दिला नाही, म्हणजे प्रती निघाल्याच नाहीत. म्हणून नव्याने 24 जोड्या तयार केल्या आणि त्यांपैकी 11 स्वच्छ चालतात; प्रत्येक जोडी डीएनएवरील एक स्थान वाचते. परंतु 3 स्थानांवर हार्डी-वाइनबर्ग समतोलाच्या (मुक्त प्रजनन होत असताना धरलेल्या प्रमाणाच्या) अपेक्षेपेक्षा समयुग्मजी, म्हणजे त्या स्थानाच्या दोन्ही प्रती सारख्या असलेले प्राणी, बरेच जास्त आढळतात. ही स्थाने वगळावीत का?

उत्तर 1: वगळण्याची घाई करू नये. आधिक्य सर्व 11 स्थानांवर असते, तर अंतःप्रजनन किंवा दोन समष्टींचे मिश्रण, असा संशय घेता आला असता. ते मोजक्याच स्थानांवर असल्यामुळे मला शून्य अ‍ॅलीलची, म्हणजे त्या स्थानाच्या चाचणीत न दिसणाऱ्या रूपाची, शक्यता अधिक वाटते. प्रायमर जेथे चिकटतो तेथेच उत्परिवर्तन झालेले असेल, तर त्या अ‍ॅलीलच्या प्रती निघत नाहीत आणि प्रत्यक्षात 182/190 (दोन प्रतींच्या तुकड्यांची लांबी) असलेला प्राणी 182/182 म्हणून वाचला जातो. इतर स्थानांवर उत्तम निकाल देणारे काही नमुने याच स्थानावर पुन:पुन्हा रिकामे येतात का, हे तपासा, कारण ते शून्य अ‍ॅलीलच्या दोन प्रती असलेले प्राणी असू शकतात. तसे असल्यास प्रायमर थोडा बाजूला सरकवून पुन्हा रचा. चिकटण्याचे तापमान दोन-तीन अंशांनी उतरवूनही पाहा.

उत्तर 2: त्याआधी एक विचारतो: नमुने प्रौढांचे आहेत की भैकेरांचे (बेडकांच्या शेपटीवाल्या पिल्लांचे)?

प्रश्नकर्ता: दोन तळ्यांतील नमुने भैकेरांचे आहेत. एकाच सायंकाळी, काठाच्या एकाच कोपऱ्यातून जाळीने घेतले होते.

उत्तर 2: मग ही अडचण चिन्हकांइतकीच गंभीर आहे. अंड्यांच्या एका पुंजक्यातून शेकडो सख्खी भावंडे निघतात आणि ती नुकतीच बाहेर पडलेली असताना जवळजवळच राहतात. त्यामुळे तुम्ही तळ्याची समष्टी नव्हे, एखाद-दुसरे कुटुंब मोजले असण्याची शक्यता आहे. अशा नमुन्यांमुळे अ‍ॅलीलची वारंवारता विकृत होते आणि तळ्यांमधील भेद आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. नात्याचे विश्लेषण करून प्रत्येक कुटुंबातील एकच भैकेर ठेवा. शक्य झाल्यास त्या दोन तळ्यांत प्रौढ बेडकांच्या तोंडातील आतल्या त्वचेवरून बोळा फिरवून नमुने घ्या. बोट कापावे लागत नाही. प्रत्येक बेडकासाठी हातमोजे मात्र बदला, अन्यथा बेडकांना रोग करणारी कायट्रिड बुरशी एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकते.

प्रश्नकर्ता: आधी भावंडे गाळतो, मग उरलेल्या नमुन्यांवर ती तीन स्थाने पुन्हा तपासतो.