मदत हवी आहे: एल निनोच्या वर्षी नर्मदेला पूर कसा?

नमस्कार मंडळी, मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. धाकटीने कॉलेजच्या प्रकल्पाला विषय घेतलाय ‘एल निनो आणि नर्मदेचे पूर’, आणि अडकलोय मी!

२०२३ एल निनोचं वर्ष, म्हणजे पॅसिफिकचं पाणी नेहमीपेक्षा तापलेलं; अशा वर्षी आपला मान्सून बहुधा कमजोर असतो. झालंही तसंच, देशात ऑगस्ट महिना १९०१पासूनचा सर्वांत कोरडा गेला. तरी सप्टेंबरच्या मध्यात मध्य प्रदेशात जोरदार पाऊस झाला, सरदार सरोवरातून पाणी सोडलं आणि भरूच-अंकलेश्वर पाण्यात. मग पॅसिफिकच्या तापमानावरून काय ओळखायचं? की पूर बंगालच्या उपसागरातून येणारे कमी दाबाचे पट्टेच ठरवतात, आणि एल निनो फक्त हंगामाच्या बेरजेवर दिसतो?

त्यात हिंद महासागराचा द्विध्रुव, म्हणजे त्या महासागराच्या पश्चिम आणि पूर्व भागांतल्या तापमानाचा फरक; पश्चिम जास्त गरम असेल तर तो ‘धन’, आणि आपल्या पावसाला बहुधा पोषक. २०१९मध्ये तो जोरात धन होता, आणि ३१ जुलैला आमच्याकडे बडोद्यात विश्वामित्रीला केवढा पूर आला ते आठवत असेलच. पण ती पावागढची छोटी नदी, एका दिवसाच्या पावसाने फुगते. नर्मदेचं खोरं जवळपास ९८,००० चौ. किमी, वर धरणांची रांग. दोघींना एकच मोजपट्टी कशी लावायची?

गरुडेश्वरचे (सरदार सरोवराच्या खालचं नर्मदेचं प्रवाह-मोजणी केंद्र) दैनिक प्रवाहाचे जुने आकडे कुठे मिळतील? आणि धरणांचा परिणाम वजा कसा करायचा? कुणी जलशास्त्रवाले असाल तर सांगा. मराठीत, गुजरातीत, कसंही चालेल.