कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर: हाती न लागणारा पक्षी आणि भुलभुलैया

गुहायात्री
नमस्कार. विल क्राउदर यांनी रचलेला आणि १९७७ साली डॉन वुड्स यांनी वाढवलेला हा टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचर खेळ (म्हणजे वर्णन वाचून आज्ञा टाइप करत खेळायचा संगणकीय खेळ) मी ३५० गुणांच्या आवृत्तीत खेळत आहे. पिंजरा जवळ असूनही पक्षी पकडता येत नाही. मी दालनात शिरलो तेव्हा तो निर्भय होता, जवळ जाताच बिथरला, एवढेच उत्तर मिळते. पुढे दरीपाशी काळी दांडी फिरवून स्फटिकाचा पूल उभा केला आणि पलीकडे गेलो, तर सगळ्या वाटा सारख्याच दिसणाऱ्या भुलभुलैयात अडकलो. आयते उत्तर नको आहे. अशा कोड्यांचा विचार कसा करावा, हे कृपया सांगावे.

कंदीलधारी
तुम्हाला मिळालेले उत्तर पुन्हा सावकाश वाचावे. पक्षी मुळात भित्रा असता तर तुम्ही शिरताच बिथरला असता. म्हणजे त्याला भीती तुमच्याजवळच्या कशाची तरी आहे. कंदील आणि पिंजरा वगळता सर्व वस्तू खाली ठेवाव्यात, पक्षी पकडता येतो का ते पाहावे, आणि मग एकेक वस्तू परत उचलावी. दोषी वस्तूचा उल्लेख तुमच्या प्रश्नातच आला आहे. पक्षी मात्र सोडून देऊ नये, कारण पर्वतराजाच्या दालनातल्या सापापुढे तोच उपयोगी पडतो.

दोनशब्दी
यात एक भर घालतो. हा खेळ क्रियापद आणि नाम अशा दोनच शब्दांची आज्ञा समजतो आणि प्रत्येक शब्दाची पहिली पाच अक्षरेच पाहतो. त्यामुळे 'शब्द कळला नाही' आणि 'तसे करता येत नाही' ही दोन उत्तरे वेगळी धरावीत: पहिल्यात शब्द बदलावा, दुसऱ्यात कल्पना. पुढे एके ठिकाणी खेळ उपरोधिक वाटणारा प्रश्न विचारतो आणि त्याला खरोखरच उत्तर द्यावे लागते. ते कोडे मला आजही अन्यायकारक वाटते, कारण तोवर खेळाने तशी सवय लावलेलीच नसते.

नकाशेकार
भुलभुलैयाविषयी लिहितो. क्राउदर स्वतः केंटकीतील मॅमथ केव्हच्या सर्वेक्षणात भाग घेणारे गुहाशोधक होते, त्यामुळे खेळातील बराच भाग कागदावर नीट मांडता येतो; इथे मात्र उत्तरेला गेल्यावर दक्षिणेने परत येता येईलच असे नाही, म्हणून चित्र काढण्याऐवजी तक्ता करावा. प्रत्येक खोलीत एक वेगळी वस्तू टाकावी, म्हणजे त्या खोलीला ओळख मिळते, आणि कोणत्या दिशेने कोणत्या वस्तूपाशी पोहोचलो ते नोंदवत जावे. कंदील कधीही टाकू नये, आणि त्याची बॅटरी संपत असल्यामुळे या कामाआधी खेळ जतन करावा. खाद्यपदार्थ, बाटली आणि किल्ल्या पुढे लागणार असल्याने त्या आठवणीने परत गोळा कराव्यात. खुणेसाठी खजिन्याच्या वस्तू मात्र वापरू नयेत, कारण गुहेत हिंडणारा समुद्री चाचा (लुटारू) त्या पळवतो. त्याने लुटलेच, तर लूट कुठे शोधायची हे तुमचा तक्ताच सांगेल, कारण तो आपली पेटी याच भुलभुलैयात लपवतो.