टर्मिनलमध्ये टॅब मुळातच असायला हवेत का?

ओसरी

ज्यांचे दिवसाचे सात-आठ तास कमांड लाइनवर जातात, त्यांच्यासमोर एक मत मांडतो आहे. त्यावर साधकबाधक चर्चा व्हावी. संगणकासोबत जे टर्मिनल (आज्ञा टाइप करून काम करण्याची खिडकी) मुळातच मिळते, त्यात टॅब असलेच पाहिजेत. त्याच्या जोडीला सरळ कॉपी-पेस्ट, वर सरकून गेलेल्या मजकुरात शोध घेण्याची सोय आणि काम चालू असलेली खिडकी मिटण्यापूर्वी एक विचारणा, एवढे तरी हवेच. ‘हवे असेल तर दुसरे सॉफ्टवेअर बसवून घ्या’ हे उत्तर मला पटत नाही, कारण कार्यालयातल्या संगणकावर स्वतःच्या मर्जीने काही बसवण्याची मुभा बहुतेकांना नसते.

माझ्या एका जुन्या नोकरीत विंडोज १० होते आणि त्यावरची ती काळी खिडकी. रोज अशा सहा खिडक्या उघड्या असत: एकीत बिल्ड, दुसरीत लॉग, तिसरीत डेटाबेस आणि उरलेल्या तीन सर्व्हरना जोडलेल्या. टास्कबारवर सहाही एकाच चिन्हाखाली गोळा होत आणि नावे जवळपास सारखीच, त्यामुळे हवी ती सापडेपर्यंत दोन-तीन भलत्याच उघडल्या जात. एका संध्याकाळी डेटा भरण्याचे मोठे काम सुरू करून मी घरी गेलो. निघताना त्या खिडकीत माऊसची एक क्लिक झाली असावी. सकाळी येऊन पाहतो तर काम जिथल्या तिथे थांबलेले आणि शीर्षकपट्टीत नावाच्या आधी ‘सिलेक्ट’ हा एक शब्द वाढलेला. या खिडकीत ‘क्विक एडिट’ ही सोय आधीपासून चालू असते. क्लिक केली की मजकुराची निवड सुरू होते, निवड संपेपर्यंत खिडकी नवे आउटपुट स्वीकारत नाही आणि पुढची ओळ लिहू पाहणारा प्रोग्राम तिथेच अडून राहतो. मी एंटर दाबले आणि रात्रभर थांबलेले काम निमूटपणे पुढे सरकू लागले. त्या रात्रीचा हिशेब मात्र मला द्यावा लागला.

विंडोजमध्ये टॅब उशिरा येण्याला तांत्रिक कारण होते, हे मान्य केले पाहिजे. युनिक्समध्ये प्रोग्राम आणि टर्मिनल यांच्या मधे ‘स्यूडो-टर्मिनल’ असते. त्यातून बाइटांचा नुसता प्रवाह वाहतो आणि तो वाचून कोणीही आपल्या पद्धतीने पडद्यावर उमटवू शकतो. विंडोजचे प्रोग्राम मात्र कन्सोलच्या, म्हणजे त्या काळ्या, खिडकीशी थेट फंक्शनांमधून बोलत. त्यामुळे कॉनइमूसारख्या बाहेरच्या सॉफ्टवेअरला खरी खिडकी लपवून ठेवून, तिच्यातला मजकूर पुन्हा पुन्हा वाचून, तो आपल्या टॅबमध्ये उतरवावा लागे. २०१८ साली ‘कॉनपीटीवाय’ हे विंडोजचे स्वतःचे स्यूडो-टर्मिनल आले तेव्हा ही अडचण दूर झाली. मे २०१९ मध्ये टॅब असलेल्या विंडोज टर्मिनलची घोषणा झाली, मे २०२० मध्ये त्याची १.० आवृत्ती आली आणि २०२२ मध्ये विंडोज ११ वर तेच डीफॉल्ट झाले. मॅकच्या टर्मिनलला टॅब २००७ सालीच, लेपर्ड आवृत्तीत, मिळाले होते. मधल्या सगळ्या वर्षांत ही सोय मागणाऱ्याला ‘खऱ्या जाणकाराला याची गरज पडत नाही’ असे ऐकवले जाई, आणि त्याचा मला आजही राग येतो.

उंबरठा

आपल्याला झालेला त्रास खरा आहे, परंतु निदान चुकले आहे असे मला वाटते. क्लिकमुळे काम अडणे हा दोष टॅबने सुटणारा नाही. राहिला सहा खिडक्यांचा प्रश्न, तर खिडक्या मांडणे, एकत्र करणे आणि त्यांमध्ये ये-जा करणे हे विंडो मॅनेजरचे काम आहे. ब्राउझरचे टॅब वेगळे, एडिटरचे वेगळे, टर्मिनलचे वेगळे आणि प्रत्येकाच्या कळा निराळ्या, अशी स्थिती आज आहे. त्यापेक्षा एकच व्यवस्था सर्व खिडक्यांना लागू व्हावी हे अधिक सुसंगत आहे. लिनक्सवर आय-थ्री हा विंडो मॅनेजर वापरणाऱ्यांना कोणत्याही खिडक्या टॅबच्या रूपात एकत्र ठेवता येतात. मॅकओएस सिएरानेही २०१६ साली बहुतेक ॲप्सना खिडक्या टॅबमध्ये गोळा करण्याची सोय दिली. मायक्रोसॉफ्टने ‘सेट्स’ या नावाने हाच विचार विंडोज १० च्या चाचणी आवृत्त्यांमध्ये आणला होता आणि नंतर तो सोडून दिला, याचे मला वाईट वाटते. अलॅक्रिटी या टर्मिनलच्या कर्त्यांनी टॅब जाणीवपूर्वक वगळले आहेत आणि तो निर्णय मला योग्य वाटतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. टॅब मिटला किंवा एसएसएच (दूरच्या सर्व्हरशी असलेली जोडणी) तुटले की शेलला, म्हणजे आज्ञा वाचून चालवणाऱ्या प्रोग्रामला, ‘हँगअप’ हा सिग्नल जातो आणि त्याच्या हाताखाली चाललेले काम सहसा तिथेच संपते. मुंबईहून पुण्याला येताना घाटातल्या बोगद्यात नेटवर्क गेले की टॅब कितीही देखणा असला तरी उपयोगाचा नसतो. सर्व्हरवर टीमक्स हा टर्मिनलमधले काम जिवंत ठेवणारा प्रोग्राम चालू असेल तर मात्र काम तिकडे चालूच राहते आणि बोगद्याबाहेर आल्यावर पुन्हा जोडून घेता येते. ‘स्क्रीन’ हा त्याच जातीचा जुना प्रोग्राम १९८७ पासून हे करत आला आहे आणि टीमक्स २००७ पासून. चार कळा शिकण्याची तयारी असेल, तर टॅबची मागणी उरतच नाही.

सांगाती

मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत शिकवते, म्हणून थोडक्यात नोंद करते. पहिल्या सत्रातला विद्यार्थी एका खिडकीत प्रोग्राम लिहितो, त्याच खिडकीत एडिटर बंद करून कंपाइल करतो, चूक आली की पुन्हा एडिटर उघडतो, आणि तोवर चूक असलेल्या ओळीचा क्रमांक विसरलेला असतो. त्याला टॅब दाखवला की तीच गोष्ट तो निम्म्या वेळात करतो, कारण ब्राउझरमुळे टॅबची कल्पना त्याला शाळेपासूनच ठाऊक असते. त्याच्यासमोर पहिल्याच आठवड्यात टीमक्स ठेवण्याची माझी हिंमत होणार नाही. ओसरी यांच्याशी सहमत.

ओसरी

उंबरठा, चार कळांचा हिशेब मला मान्य नाही. टीमक्स मी रोज वापरतो आणि त्याची योग्यताही जाणतो, म्हणूनच सांगतो. त्याच्या आत शिरल्यावर माऊसचे चाक फिरवले की अनेक टर्मिनलांमध्ये वरचा मजकूर दिसण्याऐवजी प्रॉम्प्टवर, म्हणजे आज्ञा लिहायच्या ओळीवर, आधीच्या आज्ञा एकामागून एक येऊ लागतात, कारण टर्मिनलला त्या क्षणी मागचा मजकूर म्हणून काही ठाऊकच नसते. पडदा उभा दुभागलेला असेल आणि डावीकडच्या तीन ओळी माऊसने नेहमीच्या पद्धतीने निवडल्या, तर मधली उभी रेघ आणि उजवीकडच्या लॉगचे तुकडेही त्यांच्यासोबत कॉपी होतात. यावर उपाय आहेत, हे मला माहीत आहे. परंतु ते उपाय सेटिंगच्या फाइलमध्ये लिहावे लागतात, आणि तशी फाइल प्रत्येक सर्व्हरवर न्यावी लागते.

शिवाय दोन्हींची कामे भिन्न आहेत. सर्व्हरवरचे काम जिवंत ठेवणे हे टीमक्सचे, आणि माझ्या टेबलावर काय काय पसरले आहे ते मला दाखवणे हे टॅबचे. विंडो मॅनेजर बदलण्याचा सल्ला तर कार्यालयातल्या विंडोज संगणकावर बसलेल्या माणसाला देताच येत नाही.

मध्यरात्र

मी रात्रपाळीत सर्व्हर सांभाळतो आणि टॅबच्या विरोधात आहे. माझे कारण उंबरठा यांच्यापेक्षा वेगळे आहे. एका रात्री माझ्या टर्मिनलमध्ये नऊ टॅब होते. चाचणीचा सर्व्हर रीबूट करायचा होता. मी टॅब बदलला, आज्ञा लिहिली, एंटर दाबले आणि चालता, म्हणजे प्रत्यक्ष वापरातला, सर्व्हर बंद पडला. टॅबवर नाव चाचणी-सर्व्हरचेच होते.

असे का झाले हे नंतर शोधले आणि ते इथे सविस्तर सांगतो, कारण टॅब वापरणाऱ्या प्रत्येकाला ते माहीत असले पाहिजे. टॅबवरचे नाव टर्मिनल स्वतः ठरवत नाही. आत चाललेला शेल एका विशिष्ट एस्केप कोडमधून, म्हणजे पडद्यावर न उमटणाऱ्या खुणेतून, ते नाव पाठवतो. उबुंटूसारख्या प्रणालींमध्ये प्रॉम्प्ट दरवेळी हा कोड पाठवतो, म्हणून नाव बरोबर दिसते. मात्र त्या चाचणी-सर्व्हरवरून मी पुढे ज्या सर्व्हरवर गेलो होतो, त्याच्या शेलमध्ये ही व्यवस्थाच नव्हती. नवे नाव आले नाही, म्हणून आधीचे नाव तसेच टिकून राहिले. टर्मिनलच्या दृष्टीने काहीच चुकले नव्हते.

वेगवेगळ्या खिडक्या असत्या, तर दोन पडद्यांवर त्यांच्या जागा ठरलेल्या असत्या: डावीकडे चाचणी, उजवीकडे चालते सर्व्हर. हाताला आणि डोळ्याला जागेची सवय होते. टॅब सगळ्यांना एकाच जागी आणून बसवतो, आठ झाकून एकच दाखवतो, आणि जे दिसत नाही त्याच्याबद्दल माणूस स्मरणावर विसंबतो. रात्री तीन वाजता स्मरणावर विसंबू नये, असे मी शिकलो.

अनुस्वार

चर्चा सोयीची चालली आहे, म्हणून आपल्या लिपीची गैरसोयही त्यातच मांडतो. टर्मिनलचा पडदा हा चौकटींचा तक्ता आहे. १९७८ च्या व्हीटी-१०० या टर्मिनल-यंत्राचा ८० रकाने आणि २४ ओळींचा आराखडा आजही बहुतेक ठिकाणी सुरुवातीचा आकार म्हणून दिसतो. त्यात एक अक्षर एक चौकट व्यापते हे गृहीत आहे. चिनी-जपानी अक्षरांना दोन चौकटी देण्याचा नियम स्थिरावला, देवनागरीचा मात्र नीट स्थिरावला नाही. ‘शिक्षक_यादी’ अशा नावाची फाइल घ्या. तिच्यात ‘श’ नंतर साठवलेली वेलांटी दिसायला हवी अक्षराच्या आधी, आणि ‘क’, हलन्त व ‘ष’ मिळून व्हायला हवा ‘क्ष’. वेलांटीला स्वतंत्र चौकट द्यायची की नाही, ‘क्ष’ एका चौकटीत बसवायचा की दोन, याचे उत्तर शेल एक देतो आणि टर्मिनल दुसरे. परिणामी नाव दुरुस्त करायला बॅकस्पेस दाबले की कर्सर एका जागी असतो आणि पुसले जाते दुसऱ्याच जागचे. युनिकोड या लिपींच्या संगणकीय मानकाने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत देवनागरीची जोडाक्षरे एकसंध मानण्याचा नियम आणला, ही मोठी गोष्ट आहे, परंतु शेल, एडिटर आणि टर्मिनल तिघांनीही तो पाळला तरच फरक पडेल.

टॅबचा यात एक संबंध आहे. हेच नाव टॅबच्या पट्टीवर आले तर सहसा अगदी शुद्ध दिसते, कारण ती पट्टी चौकटींच्या तक्त्यात बसवलेली नसते; इतर मेनू-बटणांची अक्षरे जी यंत्रणा काढते तीच टॅबचे नावही काढते. एकाच खिडकीत वर सरळ ‘शिक्षक’ आणि खाली त्याचे तुकडे, असे पाहताना फार खेद होतो. मागणी करायचीच असेल, तर माझ्या यादीत हे टॅबच्या वर आहे.

उंबरठा

अनुस्वार यांचा मुद्दा मोलाचा आहे आणि तो माझ्याही बाजूने जातो. टर्मिनल लिहिणाऱ्यांचा वेळ मर्यादित असतो. तो टॅबच्या पट्टीवर खर्च होण्यापेक्षा अक्षरे नीट उमटवण्यावर खर्च व्हावा. सांगाती यांच्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र मी माघार घेतो. शिकणाऱ्याला पहिल्याच पायरीवर अडवणे योग्य नाही.

ओसरी

अनुस्वार, आपल्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. क्रम कोणता लावायचा यावर वाद घालण्याची मला गरज वाटत नाही.

मध्यरात्र, आपल्या प्रतिसादाने मला माझी मागणी दुरुस्त करावी लागते. नुसते टॅब पुरेसे नाहीत. टॅबने आपण कुठे आहोत हे खात्रीने सांगितले पाहिजे. सध्या विंडोज टर्मिनलमध्ये मी प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळे प्रोफाइल केले आहे, जे उघडताच थेट त्या सर्व्हरशी जोडले जाते. चालत्या सर्व्हरच्या टॅबला लाल रंग आणि न बदलणारे नाव दिले आहे, म्हणजे शेलने काहीही पाठवले तरी नाव तेच राहते. टॅब सोडून देण्यापेक्षा हा मार्ग मला बरा वाटतो.

मध्यरात्र

व्यवस्था चांगली आहे, मात्र तिच्यात दोन उणिवा राहतात. आज्ञा लिहिताना नजर प्रॉम्प्टच्या ओळीवर असते, वरच्या पट्टीवर नसते. म्हणून त्या प्रोफाइलची पार्श्वभूमीसुद्धा गडद तांबडी करा. दुसरी उणीव अधिक कठीण आहे. लाल टॅबमधून आपण एसएसएच करून चाचणीच्या सर्व्हरवर गेलात, तर रंग लालच राहतो. आणि चाचणीच्या टॅबमधून चालत्या सर्व्हरवर गेलात, तर रंग आणि आपले ते न बदलणारे नाव, दोन्ही चाचणीचेच राहतात. माझ्या हातून घडले ते नेमके हेच. आता आमच्याकडे चाचणीच्या सर्व्हरवरून चालत्या सर्व्हरकडे जाणारा एसएसएचचा रस्ताच बंद केला आहे. तो बंद झाल्यानंतर मी गेल्या महिन्यापासून दोन टॅब वापरून पाहतो आहे, नऊ नव्हे.