इंजेक्शनं गावात घेताना

ट्रान्सप्लांटसाठी स्टेम सेल (रक्त तयार करणाऱ्या मूळ पेशी) रक्तातून काढण्याआधी जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात, त्यांनी या पेशी हाडांच्या मगजातून रक्तात येतात. ती बीड-परभणीसारख्या आपल्या गावाकडेच घ्यावीत, शहरात राहण्याचा खर्च वाचतो, असं सुचवलं जातं, ते पटण्यासारखं आहे. फक्त औषध २ ते ८ अंशांतच राहायला हवं. मे महिन्यात एसटीत नुसत्या पिशवीतून नेलं तर त्याचा भरवसा नाही. थर्मासमध्ये बर्फाच्या पिशव्या ठेवा, पण सिरिंज कापडात गुंडाळा. बर्फाला टेकून गोठायला नको. घरी लाईट सारखी जात असेल तर तालुक्याच्या मेडिकलच्या फ्रीजमध्ये ठेवलेलं बरं.

खरी गडबड डोसात होते. एरवी केमोनंतर ३०० मायक्रोग्रॅमची एकच सिरिंज देतात, म्हणून कंपाउंडर सवयीने तेवढीच टोचतो. स्टेम सेल काढायच्या असतील तर किलोमागे रोज साधारण १० मायक्रोग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज दोन सिरिंज. चिठ्ठीवर आकडा ठळक लिहून घ्या. अर्धाच डोस गेला तर पाचव्या दिवशी रक्तातला सीडी-३४ (स्टेम सेल किती आल्या ते सांगणारा आकडा) मायक्रोलिटरमागे दहाच्या वर न जाण्याची भीती असते, मग पेशी रक्तात आणणारं दुसरं महागडं औषध प्लेरिक्साफोर घ्या नाहीतर पेशी काढायची तारीख पुढे. कंबर, मांड्या ठणकणारच. पॅरासिटामॉल चालते, ब्रुफेन विचारल्याशिवाय नको. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली तर मात्र लगेच दवाखाना गाठा, प्लीहा सुजलेली असू शकते.