'फाब्रिका'ला मराठीत काय म्हणावं?

सुपारी: सोळाव्या शतकातला शरीररचनाशास्त्रज्ञ आंद्रेआस वेसालिअस याच्यावर किशोरांच्या अंकासाठी लेख लिहितेय. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला १५४३ साली छापलेल्या त्याच्या 'दे हुमानि कॉर्पोरिस फाब्रिका' या ग्रंथाचं नाव मराठीत हवंय. डोक्यात इंग्रजी फॅब्रिक, म्हणून मी 'मानवी देहाची वीण' लिहून मोकळी झाले. संपादकांनी 'वीण' खोडून 'रचना' केलंय. कोण बरोबर?

भाता: दोघंही थोडे चुकलात. लॅटिन 'फाबेर' म्हणजे लोहार, सुतार, हाताने वस्तू घडवणारा. फाब्रिका म्हणजे त्याचं कसब, त्याची कामाची जागा आणि तिथे घडलेली वस्तूसुद्धा. कापड या शब्दाला बरंच नंतर चिकटलं. आपल्याकडे 'घडण' आहे की! सोनाराला घडणावळ देतो ना, तीच. 'रचना' चालेल, पण तिच्यात हात दिसत नाही आणि या माणसाची सगळी गोष्ट हाताची आहे. तोवरची रीत अशी, की प्राध्यापक उंच आसनावरून गॅलेन या प्राचीन ग्रीक वैद्याचा ग्रंथ वाचणार आणि खाली न्हावी प्रेत कापणार. वेसालिअसने इटलीतल्या पादुआत सुरी स्वतः घेतली. मुखचित्रातही तो उघड्या प्रेताला हात घालून उभा आहे.

सुपारी: घडणावळ! हे सुचायलाच हवं होतं. बरं, त्यातल्या चित्रांना मी 'स्नायुपुरुष' म्हटलंय. कातडी सोललेला माणूस ऐटीत उभा, मागे टेकड्या आणि गाव. पुढच्या पानांवर एकेक थर उतरत जातो.

अडुळसा: आयुर्वेदाच्या विद्यार्थ्याने वाचलं तर अडखळेल. सुश्रुताच्या शारीरस्थानात स्नायू ९०० आणि पेशी ५००. तिथे 'स्नायू' म्हणजे बांधून ठेवणारे तंतू आणि 'पेशी' म्हणजे मांसाचे गोळे, ज्यांना आज आपण स्नायू म्हणतो. आजची मराठी 'पेशी' तर सूक्ष्मदर्शकाखाली गेली. हिंदीत मांसपेशी अजून जागेवर आहे. मराठीत स्नायूच रुळलाय, बदलू नका, पण एक तळटीप टाका.

भाता: नावांचा हा गोंधळ वेसालिअसलाही चुकला नव्हता. १५३८ च्या सहा तक्त्यांत लॅटिन, ग्रीक, हिब्रू, अरबी अशी नावं दिली आहेत. तेव्हा चित्र हाच निवाडा. गॅलेनने माकडं, डुकरं कापली होती. खालचा जबडा दोन हाडांचा, असं त्याचं म्हणणं. वेसालिअसने माणसाचं एकच हाड दाखवलं.

हिंगाष्टक: अवांतर. लॅटिन 'मुस्कुलुस' म्हणजे छोटा उंदीर. हात दुमडला की कातडीखाली उंदीर पळतो म्हणे. आमच्या आजीच्या लेखी तिथे बेडूक असायचा. 'दाखव बघू बेडकुळी' म्हणायची आणि दंडावर टिचकी मारायची.

अडुळसा: आम्ही बेटकुळी म्हणतो. मूळ बेडूकच, हे आज कळलं!

सुपारी: शीर्षक ठरलं, 'मानवी देहाची घडण'. उंदीर-बेडकाची चौकट घालतेय. आता एकच अडलंय. ती चित्रं नासपतीच्या लाकडावर कोरून छापली होती, ठसे आल्प्स ओलांडून बाझलला गेले. 'वुडकट'ला 'काष्ठचित्र' लिहू का?

भाता: काष्ठचित्र म्हणजे लाकडावरचं चित्र वाटेल. 'लाकडी ठशाचं चित्र' लिहा. लांब आहे, पण कापडछपाईचे ठसे पाहिलेल्या पोराला लगेच समजेल.