बाळाला राईची उशी द्यावी का?

चिऊची आई: लेक दीड महिन्याची आहे. डोकं गोल व्हावं म्हणून सासूबाईंनी राईची उशी शिवलीय. पालथी निजवली की शांत झोपते, असंही म्हणतात. काय करू?

आशाताई: मी आशा कार्यकर्ती. बाळंतपणानंतर ३, ७, १४, २१, २८, ४२व्या दिवशी घरी जाते, तेव्हा आधी बाळाची निजायची जागा बघते. वर्षभर उशी नकोच, राईचीही नाही. दिवसा-रात्री उताणंच निजवा, गादी घट्ट हवी. कुंचीची नाडी गळ्याशी बांधून तर अजिबात झोपवू नका! शेगडीची धुरीही नको.

चिऊची आई: मग डोकं चपटं होईल ना?

आशाताई: जागी असताना तुमच्या डोळ्यांसमोर थोडा वेळ पालथी घाला. निजवताना मान कधी डावीकडे, कधी उजवीकडे. सासूबाईंशी मी बोलते.