एकाच रॉक बँडला रेडिओवर 'नाही' म्हणायचं आहे, कसं करावं? (कम्युनिटी रेडिओ, नागपूर)

बर्डीचा_आरजे

मंडळी, नागपुरातल्या एका कॉलेजचा कम्युनिटी रेडिओ आहे. रोज संध्याकाळी ६ ते ८ इंग्रजी गाणी, तासाला साधारण १२. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबई आणि अहमदाबादला कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचे कार्यक्रम झाले, तेव्हापासून फर्माईश म्हटली की कोल्डप्लेच. व्हॉट्सअ‍ॅपवर दहा मेसेज आले की त्यातले सहा त्यांच्याच गाण्यांचे. आता आमचे आरजे म्हणून राहिले की हा बँड सरळ बंद करा, बाकीच्यांना जागाच उरत नाही. स्टेशन मॅनेजर मॅडमचं म्हणणं, बंद करायचा तर कारण लेखी द्या आणि श्रोत्यांना काय सांगणार तेही ठरवा.

सेटअप असा: विंडोजवर रेडिओडीजे (गाणी आपोआप निवडून लावणारं सॉफ्टवेअर). 'हॉट' (सध्या सर्वांत जास्त वाजवायची) कॅटेगरीत ६ गाणी, त्यातली ३ कोल्डप्लेची. तासाला 'हॉट'चे ३ स्लॉट, म्हणजे ३ जागा. आर्टिस्ट रिपीट (तोच कलाकार किती वेळ परत लावायचा नाही) ६० मिनिटांवर ठेवलंय, तरी कधीकधी एका तासात दोनदा वाजतोच. एखाद्या बँडला असं नाही म्हणता येतं का, की परवान्यात काही अडकतं? सॉफ्टवेअरमध्ये नेमकं काय बदलायचं? आणि बंद केल्यावर पोरं आपला रेडिओच ऐकणं सोडतील का?

रोटेशनवाला

भाऊ, बंदीचं नंतर बघू. आधी तुमचा हिशोब बघा, निम्मा घोळ तिथेच आहे.

दोन तासांत 'हॉट'चे ६ स्लॉट आणि गाणीही ६. म्हणजे प्रत्येक गाणं रोज एकदा वाजणारच. त्यात 'सर्वांत आधी वाजलेलं गाणं घे' हा पर्याय लावलेला असेल, तर रोज त्याच क्रमाने आणि जवळजवळ त्याच मिनिटाला. सव्वासहाला क्लासवरून निघणाऱ्या पोराच्या कानावर महिनाभर तेच एक गाणं पडतं. त्याला वाटतं रेडिओवाल्यांकडे दुसरं काही नाहीच.

सातवं गाणं टाका. ६ स्लॉट आणि ७ गाणी झाली की क्रम रोज एका घराने सरकतो. सोमवारी पहिल्या स्लॉटला आलेलं गाणं मंगळवारी दुसऱ्या, बुधवारी तिसऱ्या, असं शनिवारी सहाव्या स्लॉटला पोचतं आणि रविवारी विश्रांती घेतं. आठ गाण्यांनी हे साधत नाही. ६ आणि ८ दोन्हींना २ ने भाग जातो, त्यामुळे क्रम दोन-दोन घरांनी सरकतो आणि पहिल्या स्लॉटचं गाणं पहिल्या, तिसऱ्या, पाचव्यातच फिरत राहतं. स्लॉट आणि गाणी या दोन आकड्यांना एकाच संख्येने भाग जाता कामा नये, हे कॅटेगरी बनवताना आधी तपासायचं. ७ बरोबर, ११ बरोबर, १३ बरोबर.

आता बँडचा वाटा. आठवड्याला 'हॉट'चे ४२ स्लॉट होतात. सातपैकी ३ गाणी कोल्डप्लेची असतील तर त्यांना १८ मिळतात, एकच ठेवलं तर ६. उरलेली दोन 'गोल्ड'मध्ये (जुन्या लोकप्रिय गाण्यांच्या कॅटेगरीत) टाका, तिथे ७०-८० गाण्यांत ती मिसळून जातील.

आणि एक गोष्ट आरजे मंडळींना समजावून सांगा. स्टुडिओत बसणारा माणूस कार्यक्रम पूर्ण ऐकतो, श्रोता येता-जाता पंधरा-वीस मिनिटं ऐकतो. त्यामुळे आरजेला गाण्याचा वीट येतो तेव्हा श्रोत्याला ते गाणं नुकतंच ओळखीचं होऊ लागलेलं असतं. वीट नक्की कोणाला आलाय हे मोजल्याशिवाय बंदी घालू नका.

मोजायचं असं. गाण्यातला सर्वांत ओळखीचा ७ ते १० सेकंदांचा तुकडा कापा, बहुतेक वेळा तो ध्रुवपदाचाच असतो. असे २० तुकडे, त्यात कोल्डप्लेचे ४-५ आणि बाकी इतरांचे. सगळे कोल्डप्लेचेच ठेवले तर लोकांना प्रश्नाचा रोख कळतो आणि उत्तरं बिघडतात. किमान ६० जण हवेत, आणि फर्माईश पाठवणारे त्यात नकोत. कँटीन, लायब्ररी, बसस्टॉपवरची माणसं घ्या. प्रत्येक तुकड्याला तीन प्रश्न: ओळखता का? १ ते ५ मध्ये किती आवडतं? ऐकून ऐकून कंटाळा आलाय का? कंटाळ्याची टक्केवारी फक्त ओळखणाऱ्यांतून काढायची. ६० पैकी ५४ जणांनी ओळखलं आणि १९ जण कंटाळले असतील तर ती ३५ टक्के झाली, ६० ने भागून ३२ नव्हे. माझ्या मते ३० च्या वर गेलेलं गाणं 'हॉट'मधून काढावं, मग आवडीचे गुण कितीही असोत. २० च्या खाली असेल तर आरजेने दम धरावा.

टॅग_दुरुस्ती

६० मिनिटांचा नियम असूनही तासात दोनदा का वाजतं, त्याची दोन कारणं संभवतात.

पहिलं, टॅग, म्हणजे फाइलमध्ये लिहिलेली गाण्याची माहिती. सॉफ्टवेअरला बँड कळत नाही, आर्टिस्टच्या रकान्यात काय लिहिलंय तेवढंच दिसतं. २०१७ चं चेनस्मोकर्सबरोबरचं गाणं, २०२१ चं बीटीएसबरोबरचं, रिहानाबरोबरचं, या सगळ्यांच्या रकान्यात नावं जोडून लिहिलेली असतात. सॉफ्टवेअरच्या लेखी एकट्या कोल्डप्लेसकट ते चार वेगळे कलाकार, म्हणून नियम मोडल्याचं त्याला कळतच नाही. एमपी३टॅग या टॅग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या फाइली उघडा, आर्टिस्टमध्ये फक्त 'कोल्डप्ले' ठेवा (इंग्रजीत, सगळीकडे अगदी एकच स्पेलिंग, शेवटी सुटलेली जागासुद्धा नको) आणि पाहुण्या कलाकाराचं नाव टायटलमध्ये हलवा. रेडिओडीजे ही माहिती स्वतःच्या डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे नुसती फाइल बदलून भागत नाही. लायब्ररीतल्या नोंदीतही नाव बदललं का, ते ट्रॅक उघडून बघा.

दुसरं, हाताने टाकलेली गाणी. रिपीटचे नियम ऑटोमेशन पाळतं. आरजेने फर्माईश म्हणून गाणं ओढून रांगेत टाकलं की नियमाला वळसा बसतो. फर्माईशीसाठी तासात दोनच जागा बांधून द्या, आणि रांगेत टाकण्याआधी गेल्या तासाची हिस्टरी बघायची सवय लावा.

एका मोहापासून दूर राहा. बँड रोज लागू नये म्हणून आर्टिस्ट रिपीट वाढवत नेऊ नका. एक दिवसाआड लावायचा म्हटलं तर आज ६ ला लागलेला बँड उद्या ८ पर्यंत लागता कामा नये, म्हणजे २६ तास, १५६० मिनिटं. पण हा आकडा सगळ्या कलाकारांना एकत्र लागू होतो. रोज २४ गाणी म्हणजे दोन दिवसांना ४८ वेगवेगळे कलाकार हवेत, तेही प्रत्येक कॅटेगरीत पुरेसे. ते नसले की सॉफ्टवेअरला नियमात बसणारं गाणंच सापडत नाही आणि स्लॉट रिकामा जातो. तुमच्या लायब्ररीला ९० ते १२० मिनिटं ठीक.

त्यापेक्षा बँडची स्वतंत्र सबकॅटेगरी करा. रोजच्या रोटेशनमध्ये (कोणत्या क्रमाने कोणत्या कॅटेगरीचं गाणं लागेल त्या यादीत) तिचं नावच घेऊ नका. शनिवारसाठी वेगळं रोटेशन बनवून त्यात तिची एक ओळ घाला, आणि इव्हेंट (ठरलेल्या वेळी सॉफ्टवेअर आपोआप करेल ते काम) लावून ते शनिवारी पावणेसहाला लोड करा. रविवारी नेहमीचं रोटेशन परत लोड करणारा दुसरा इव्हेंटही लगेच लावा. तो राहून गेला तर आठवडाभर शनिवारचंच रोटेशन चालतं.

ज्या गाण्यांना पूर्ण विश्रांती द्यायची ती डिलीट करू नका, डिसेबल करा. डिलीट केलेलं गाणं पुढे परत आणायचं तर क्यू पॉइंटपासून (गाणं कुठे सुरू व्हावं, कुठे संपावं त्या खुणांपासून) सगळं पुन्हा करावं लागतं.

परवाना_बिरवाना

नाही म्हणता येतं, निश्चिंत राहा. कम्युनिटी रेडिओच्या अटी कार्यक्रमांपैकी निम्मे तरी स्थानिक सहभागातून झालेले असावेत, बातम्या आकाशवाणीच्याच असाव्यात, जाहिरात तासाला १२ मिनिटांच्या आत असावी, अशा आहेत. अमुक कलाकार वाजवलाच पाहिजे अशी अट कुठेही नाही. गाण्याचे हक्कही तसेच. आयपीआरएस गीत-संगीतासाठी आणि पीपीएल ध्वनिमुद्रणासाठी परवाना देते, त्यातून वाजवण्याची मुभा मिळते, सक्ती येत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१-डी खाली (हक्कधारकाशी वेगळा करार न करता, ठरलेली रॉयल्टी भरून) वाजवत असाल तर प्रसारणाच्या किमान ५ दिवस आधी गाण्यांची नोटीस द्यावी लागते, म्हणजे खुल्या फर्माईशीला तसाही लगाम आहेच. यादीत जे नाही ते त्या संध्याकाळी वाजवायचं नाही.

मॅडमना लेखी द्यायचं आहे ना, मग त्यात बँडचं नाव घालू नका. असं लिहा: 'इंग्रजी कार्यक्रमात कोणत्याही एका कलाकाराची गाणी आठवड्यातील एकूण गाण्यांच्या ५ टक्क्यांहून अधिक नसतील. दर तीन महिन्यांनी आढावा घेतला जाईल.' तुमची आठवड्याला १६८ गाणी होतात, म्हणजे एका कलाकाराला जास्तीत जास्त ८. नियम सगळ्यांना सारखा, त्यामुळे 'तुम्हाला हा बँड का खुपतो' हा वादच उभा राहत नाही. उद्या दुसऱ्या कोणाची लाट आली तरी हाच कागद चालतो.

प्रायोजकाच्या करारात मात्र एक ओळ हवीच: गाण्यांची निवड स्टेशनकडे राहील. नाहीतर एखादा दुकानदार स्लॉट विकत घेऊन तेच गाणं मागेल.

मध्यम_लहरी

पोरं सोडून जातील का, याचं उत्तर आपल्याच इतिहासात आहे. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर माहिती-नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून हिंदी सिनेगीतं जवळजवळ हद्दपार झाली. श्रोत्यांनी सुई रेडिओ सिलोनकडे फिरवली. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि घराघरांत पोचली. आकाशवाणीला श्रोते परत मिळवायला ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. लोकांना आवडणारं काढून घेतलं आणि त्या जागी तितकंच गोड काही ठेवलं नाही, तिथे ते फसलं.

उलट बाजूचीही उदाहरणं आहेत. १९९६ मध्ये स्टेटस क्वो हा ब्रिटिश बँड बीबीसी रेडिओ १ विरुद्ध कोर्टात गेला. आमचं गाणं चार्टमध्ये असूनही वाजवत नाहीत, ही तक्रार होती. कोर्टाने ती मान्य केली नाही. रेडिओ १ ने तरुण श्रोता धरायचं ठरवलं होतं आणि गाणी त्या हिशोबाने निवडली होती. आणि अमेरिकेत पोर्टलंडच्या केबू या श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या स्टेशनने देणगी मागताना सांगितलं होतं की लेड झेपेलिन बँडचं १९७१ चं 'स्टेअरवे टू हेवन' हे अतिपरिचित आठ मिनिटांचं गाणं आम्ही कधीच वाजवणार नाही. गाडीतून जाताना ते ऐकून देणगी कोणी दिली, तर खुद्द त्या गाण्याचा गायक रॉबर्ट प्लांट याने. नकार जाहीर केला, त्यामागे दुसरं काहीतरी ऐकवायची हमी दिली, तर श्रोता त्याचा मान ठेवतो.

म्हणून जागा भरण्याकडे जास्त लक्ष द्या. कोल्डप्लेच्या जुन्या गाण्यांचा बाज आवडणाऱ्याला ट्रॅव्हिस, कीन, स्नो पॅट्रोल, एल्बो सहज रुचतात. आपल्याकडचे परिक्रमा, मदरजेन, थर्मल अँड अ क्वार्टर, शिलाँगचा सोलमेट इंग्रजीत गातात, त्यांना या तासात हक्काची जागा द्या. नागपुरातले कॉलेजचे बँड घ्यायचे तर स्वतःचीच गाणी घ्या आणि गीतकार, संगीतकार व रेकॉर्डिंगचा मालक या तिघांच्या सह्यांचं पत्र फाइलला लावा. तिघे एकच असले तरी तिन्ही नात्यांनी सही हवी.

अनोळखी गाणं दोन ओळखीच्या गाण्यांच्या मध्ये ठेवायचं. जाहिरातीनंतर लगेच नको, तासाच्या सुरुवातीला तर नकोच, त्या दोन्ही वेळी माणूस बटणाला हात लावून बसलेला असतो. आणि नाव गाणं संपल्यावर सांगा, आधीही सांगा. आपले आरजे नेमकं तेच गाळतात आणि मग नव्या गाण्याची फर्माईश येत नाही म्हणून हळहळतात.

बर्डीचा_आरजे

सर्वांचे मनापासून आभार. टॅग पाहिले, खरंच चार तऱ्हेने नाव लिहिलेलं निघालं. ५ टक्क्यांचा मसुदा मॅडमना देतो. श्रोत्यांसाठी हा प्रोमो लिहिलाय, बघा: 'मित्रांनो, या महिन्यापासून कोल्डप्लेची मैफल दर शनिवारी पावणेसातला. बाकी दिवशी फर्माईश पाठवताना दोन वेगवेगळ्या कलाकारांची गाणी सांगा, म्हणजे एक तरी नक्की लागेल.' आणि लिंकच्या (गाण्यांच्या मधल्या आरजेच्या बोलण्याच्या) मागे बेड, म्हणजे मंद पार्श्वसंगीत म्हणून त्यांचं वाद्यसंगीत वापरतो, ते चालेल का?

रोटेशनवाला

प्रोमो छान आहे, २० सेकंदांच्या आत बसेल. 'दोन कलाकारांची' ही अट फार कामाची, नाही म्हणायची वेळच कमी येते. फक्त एक बघा: 'मैफल' म्हटल्यावर लोक तीन-चार गाण्यांची वाट पाहतील. शनिवारी एकच लावणार असाल तर 'कोल्डप्लेचं गाणं' म्हणा.

बेड काढून टाका. गाणं एकदा आणि बेड पंधरा वेळा, कानाला तो बँड सतत चालू असल्यासारखाच वाटतो. शिवाय बेडवर बोलणं हा निर्मितीतला वापर झाला, त्याची परवानगी वेगळी लागू शकते. कॉलेजच्या एखाद्या गिटारवाल्याकडून ३० सेकंदांचा लूप वाजवून घ्या, त्याच्याकडूनही ते सह्यांचं पत्र घ्या.

दोन आठवड्यांनी हिस्टरी रिपोर्ट एक्सेलमध्ये काढून आर्टिस्टच्या रकान्यावर पिव्हट लावा, म्हणजे कोणाची किती गाणी वाजली ते कळेल. कोणाचंही नाव १६ च्या वर दिसलं तर हाताने टाकलेल्या फर्माईशी आधी तपासा.